ककरोटा रस्त्यावर न थांबवलेल्या गोष्टीबाबत

प्रति,
मा. श्रीमती विनया काळसेकर, भा.प्र.से.,
उपविभागीय अधिकारी तथा वाहन परवाना प्राधिकारी,
ककरोटा उपविभाग, जिल्हा फरीदाबाद, हरियाणा.

अर्जदार: मुरलीधर वामन खांबेटे, वय ७४, निवृत्त फोरमन, राहणार फरीदाबाद.

विषय: ककरोटा–तिलखेडी रस्त्यावरील अपघाताबाबत अर्जदाराने दिलेला जबाब खोटा असल्याने तो रद्द करून कु. मृणाल लोपीस यांचा वाहन परवाना त्यांना परत मिळणेबाबत.

संदर्भ: १) अर्जदाराचा जबाब, दि. ११ फेब्रुवारी २०२५. २) अर्जदाराचा हिंदी अर्ज, दि. १० मार्च २०२५ (झुडपे तोडण्याबाबतचा). ३) कु. लोपीस यांच्या जप्त परवान्याबाबत आपल्या कार्यालयाची नोटीस, सुनावणी दि. २२ एप्रिल २०२५.

महोदया,

१. अर्ज मराठीत करीत असल्याबद्दल प्रथम क्षमा असावी. हरियाणातल्या कचेरीत मराठी अर्ज चालत नाही हे अर्जदारास कळते. तो अठ्ठेचाळीस वर्षे फरीदाबादेत आहे आणि भाजीवाल्याशी, पोलिसाशी व स्वतःच्या नातवंडांशी हिंदीतच बोलतो. परंतु मागील आठवड्यात आपल्या व्हरांड्यातल्या नव्या पाटीवर आपले आडनाव दिसले. शिपायाला विचारले तर तो म्हणाला, "हाँ जी, मैडम महाराष्ट्र की हैं." ते ऐकून अर्जदार तिथल्या बाकावर बसला आणि अर्धा तास उठला नाही. कारण या प्रकरणातला सगळा घोटाळा मराठीतून हिंदीत जाताना झालेला आहे, आणि तो करणारा इसम खुद्द अर्जदार आहे. म्हणून हा अर्ज कोणाकडून भाषांतर करवून न घेता आपण स्वतः वाचावा, एवढी पहिली विनंती.

२. अर्जदार थापाड्या आहे, हे आधीच नमूद केलेले बरे. नाहीतर इतर कोणी सांगेलच. येथील महाराष्ट्र मंडळात तो बोलायला उभा राहिला की मंडळी खुर्च्या पुढे ओढतात. जूनच्या उन्हात कारखान्याच्या पत्र्यावर त्याने सतरा कामगारांना थालीपिठे भाजून घातली आहेत. दिल्लीतल्या कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सरकारी अतिथिगृहात एका आमदाराने त्याला आचारी समजून झुणका करायला लावला, आणि तो झुणका खाऊन आमदाराने दुसऱ्या दिवशी पक्ष बदलला. यातले काहीही घडलेले नाही. अतिथिगृहात अर्जदार एकदाच गेला होता, तेही पाणी प्यायला. आता अशा माणसाच्या अर्जावर विश्वास कसा ठेवावा, हा आपला प्रश्न रास्त आहे. त्यावर अर्जदाराचे म्हणणे इतकेच की, त्याच्या आजवरच्या एकाही थापेत तो स्वतः वाईट ठरलेला नाही. पुढील मजकुरात तो ठरतो. हाच पुरावा समजावा. दुसरा त्याच्याकडे नाही.

३. कै. विश्वनाथ येवलेकर हे अर्जदाराचे मित्र. दोघे एकाच कारखान्यात, अर्जदार जुळणी विभागात आणि विश्वनाथ प्रेस शॉपमध्ये. तिथल्या ठोक्यांनी बत्तीस वर्षांत विश्वनाथचा उजवा कान पार गेला. डावा मात्र शाबूत राहिला, आणि तो अर्जदाराच्या वाट्याला आला. निवृत्तीनंतर दोघांनी सायकली घेतल्या. कालव्यापासून ककरोटा गाव ओलांडून तिलखेडीच्या पुलियापर्यंत, म्हणजे तिथल्या लहान पुलापर्यंत जायचे, तिथल्या टपरीवर चहा घ्यायचा आणि परत यायचे. तेरा वर्षे हा क्रम चालला. जाताना अर्जदाराने एक गोष्ट सांगायची आणि येताना विश्वनाथने तिच्यातल्या चुका काढायच्या. "मुरल्या, त्या साली तुझं लग्नच झालं नव्हतं, मग सासरा आला कुठून?" असे तो अगदी गंभीरपणे विचारी. तेरा वर्षांत त्याने एकही गोष्ट खरी मानली नाही आणि एकही ऐकायची सोडली नाही.

४. सदर रस्ता आपण पाहिला असेलच. डांबर जेमतेम दहा फूट. दोन्ही बाजूंना मातीचा पट्टा, ज्याला इथे 'कच्चा' म्हणतात, आणि डांबराची कड त्या कच्च्यापासून चार बोटे उंच. मोटार आली की सायकलवाल्याने कच्च्यात उतरायचे, आणि समोरासमोर दोन मोटारी आल्या तर ज्याची गाडी जुनी त्याने उतरायचे, असा इथला न लिहिलेला कायदा आहे. कालव्यापलीकडे उंच इमारती झाल्या तेव्हापासून दिल्लीला कामावर जाणाऱ्यांच्या गाड्याही इथूनच जातात. याच रस्त्याने कारखान्याचे कामगार, दूधवाले आणि शाळेच्या मुली सायकलने जातात. चार बोटांची ती कड सायकलच्या चाकाला भिंतीसारखी असते. उतरताना हँडल वळते, चढताना चाक घसरते. म्हणून उतरायचे तर आधी कळायला हवे, आणि कळायला कान हवेत.

५. आता मुख्य मुद्दा. विश्वनाथला डाव्या कानाने ऐकू येई, म्हणून तो अर्जदाराच्या उजवीकडे, म्हणजे रस्त्याच्या मधल्या अंगाला सायकल चालवी. त्याचा बहिरा कान वाहनांकडे आणि चांगला कान गोष्टीकडे, अशी ती व्यवस्था होती. दोघांनी जोडीने सायकल चालवणे चुकीचे आहे हे दोघांना माहीत होते. परंतु एकामागे एक गेले तर गोष्ट सांगता येत नाही. म्हणून दोघांनी आपसांत एक नियम केला. अर्जदाराच्या हँडलला आरसा लावला. मागून हॉर्न आला किंवा आरशात गाडी दिसली की अर्जदाराने गोष्ट तिथेच थांबवायची. वाक्य अर्धे असो, शब्द अर्धा असो, तोंड मिटायचे. गोष्ट थांबली की विश्वनाथ ब्रेक दाबून अर्जदाराच्या मागे येई आणि दोघे कच्च्यात उतरत. हाक मारण्याची गरज नसे, "उतर" म्हणण्याची नसे. महोदया, कृपया याची विशेष नोंद घ्यावी. विश्वनाथला हॉर्न ऐकू येत नसे. त्याला अर्जदाराचे गप्प होणे ऐकू येई. तेरा वर्षे त्या माणसाने स्वतःचा जीव अर्जदाराच्या गप्प होण्यावर टाकला होता, आणि अर्जदार गप्प बसण्यासाठी कुठेही प्रसिद्ध नव्हता.

६. दि. ११ फेब्रुवारी रोजी सकाळी साडेसात वाजता हवा स्वच्छ होती, उजेड भरपूर होता. अर्जदार १९७९ सालच्या हिवाळ्याची गोष्ट सांगत होता. त्या वर्षी धुके इतके दाट पडले की त्याने कारखान्याच्या फाटकाबाहेर धुक्याला सायकल टेकवून ठेवली आणि तो चहाला गेला. येऊन पाहतो तर धुके पुढे सरकलेले आणि जाताना सायकल घेऊन गेलेले. तीन दिवस शोधल्यावर ती कुठल्याशा लहान स्टेशनात सापडली. अर्जदार स्टेशनमास्तरकडे गेला. "आणि स्टेशनमास्तर मला काय म्हणतो—" इथपर्यंत गोष्ट आली होती, तेव्हा मागून हॉर्न आला. एकदा, लहानसा. अर्जदाराने आरशात पाहिले. पांढरी मोटार होती, हळू चालली होती, आत एक मुलगी होती. गोष्टीचे एकच वाक्य उरले होते. अर्जदार थांबला नाही. दुसऱ्यांदा हॉर्न आला. अर्जदाराने पुन्हा आरशात पाहिले, तिच्या डोळ्यांशी डोळे भिडले, आणि त्याने मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ 'थांब, एवढे होऊ दे' असा होता. तिने त्याचा अर्थ 'ये' असा घेतला असणार. कोणीही तोच घेतला असता.

७. तिने गाडीची उजवी चाके कच्च्यात घातली आणि बैलगाडीच्या वेगाने शेजारून पुढे काढली. मोटारवाल्याने स्वतः कच्च्यात उतरून सायकलला डांबर द्यावे, हे अर्जदाराने तेरा वर्षांत त्या रस्त्यावर पाहिलेले नाही. तिने ते केले. विश्वनाथची एक खोड होती. गोष्टीचा शेवट येण्याआधीच तो हसू लागे, आणि हसला की त्याचे हँडल उजवीकडे जाई. तो हसला. गाडीच्या बाजूच्या आरशाला हँडलचे टोक लागले. आवाजसुद्धा फार झाला नाही. पुलियाचा कठडा तिथेच होता आणि पडताना त्याचे डोके त्या कठड्यावर आपटले.

८. रस्त्यावर तेव्हा चौथे माणूस नव्हते. पाच मिनिटांत चाळीस झाले. वीटभट्टीवरून आले, शेतांतून आले, टपरीवरचे चहा टाकून आले. अँब्युलन्सला फोन त्या मुलीनेच केला. विश्वनाथचे डोके मांडीवर घेऊन ती रस्त्यात बसली होती आणि अर्जदाराकडे पाहत मराठीत बोलत होती. अर्जदाराने विश्वनाथला मराठीत हाका मारल्या, त्या तिने ऐकल्या असतील. ती मूळ वसईची, नाव मृणाल लोपीस, वय सव्वीस. शिकत असताना दिल्लीत मुनिरकात खोली घेऊन राहायची, आता कालव्यापलीकडच्या इमारतींत राहून एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला, हे सगळे अर्जदाराला नंतर कळले. तेव्हा ती एवढेच म्हणत होती: "काका, मी हॉर्न दिला हो. दोनदा दिला. तुम्ही बघितलंत ना आरशात? तुम्ही मान हलवलीत. सांगा ना ह्यांना."

तोवर चौकीतला हवालदार आला. त्याने अर्जदाराला विचारले, "ताऊ, क्या बोल रही है लड़की?"

त्या चाळीस माणसांत तिची भाषा समजणारा अर्जदार एकटा होता. तो म्हणाला, "कह रही है, ग़लती हो गई, हॉर्न नहीं दिया."

९. अर्जदार असे का म्हणाला, याचे उत्तर त्याने दोन महिने शोधले आहे. घाबरला म्हणून, हे एक. परंतु ते पुरते खरे नाही, आणि या अर्जात पुरते खरे लिहायचे ठरले आहे. समोर चाळीस माणसे उभी होती, सगळी तोंडाकडे पाहत होती, आणि अर्जदाराला गोष्ट सांगायची सवय होती. पहिले वाक्य खोटे निघाले, मग पुढची आपोआप आली. गाडी ऐंशीच्या वेगात होती. वाऱ्यासारखी आली. आम्ही दोघे एकामागे एक, अगदी कडेने चाललो होतो. हवालदार लिहीत गेला. लोक "राम राम" म्हणत गेले. एकाने अर्जदाराच्या पाठीवर हात ठेवला. मुलीला हिंदी उत्तम येते. तिने हे सगळे ऐकले. तिने एकदा अर्जदाराकडे पाहिले आणि मग मराठीतही काही बोलली नाही. विश्वनाथ अकरा दिवस इस्पितळात होता. शुद्धीवर आला नाही.

१०. यानंतर जे झाले त्याची आपल्या कार्यालयात नोंद असेल, परंतु त्याचे मूळ कोठे आहे याची नसेल. अर्जदाराने सांगितलेली हकिकत ककरोट्यातून तिलखेडीला गेली तेव्हा ऐंशीचे एकशेदहा झाले होते. परत आली तेव्हा मुलगी एका हाताने फोनवर बोलत आणि दुसऱ्या हाताने भुवया कोरत होती. मार्चमध्ये न्हाव्याच्या दुकानात अर्जदाराने स्वतः ऐकले की गाडी आधी दोन फूट हवेत उडाली होती. सांगणारा डोळ्यांनी पाहिल्यासारखे सांगत होता. अर्जदाराला त्यात स्वतःचा हात ओळखू आला. कुठे थांबायचे, कुठे आवाज खाली आणायचा, सगळे तसेच. तो अर्धी दाढी ठेवून बाहेर आला.

त्या गोष्टीपायी रस्ता बिघडला. गावकरी आता इमारतींतली गाडी दिसली की सायकली मुद्दाम मधून चालवतात. गाडीवाले मागून हॉर्नवरचा हात काढत नाहीत, त्यामुळे कोणता हॉर्न कामाचा आणि कोणता रागाचा हे कोणालाच कळत नाही. मागील महिन्यात गावाने रस्त्यात ट्रॅक्टरची ट्रॉली आडवी लावली. आपल्या रस्ता सुरक्षा समितीपुढे दोन ठराव आले आहेत असे कळते: एक गावाचा, की सकाळी मोटारी बंद कराव्यात, दुसरा सोसायट्यांचा, की सकाळी सायकली बंद कराव्यात. दोन्ही ठरावांत अर्जदाराचा जबाब पुरावा म्हणून जोडलेला आहे. एकच खोटे दोन्ही बाजूंना उपयोगी पडते आहे. अर्जदाराच्या एखाद्या गोष्टीला एवढे यश पूर्वी मिळाले नव्हते.

११. अर्जदाराने खरे सांगण्याचा प्रयत्न केला नाही असे नाही. विश्वनाथच्या तेराव्यानंतर तो चौकीत गेला आणि म्हणाला, लिहून घ्या, हॉर्न दिला होता, दोनदा. हवालदाराने त्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि समजावले: "ताऊ, सदमा लगा है आपको. दोस्त गया है. घर जाओ, आराम करो." मग अर्जदार कचेरीबाहेरच्या निंबाखाली बसणाऱ्या टायपिस्टकडे गेला. त्याने सगळे ऐकून घेतले, टाइपरायटरवरून हात उचलले आणि म्हणाला, "बाबूजी, दूसरे के ख़िलाफ़ जितनी चाहो लिखवा लो. अपने ही ख़िलाफ़ अर्ज़ी का फ़ॉर्मैट मेरे पास नहीं है." अर्जदार हट्टाला पेटला तेव्हा त्याने रस्त्याकडेच्या झुडपांमुळे वळण दिसत नाही असा एक सुबक अर्ज टाइप करून दिला. तोच संदर्भ क्र. २. झुडपे आठ दिवसांत तोडली गेली, त्याबद्दल आपल्या कार्यालयाचे आभार. झुडपांचा काही दोष नव्हता.

१२. अर्जदार तिथेच थांबला असता. वय झालेले, सांगून झालेले, कोणी मानले नाही, आता काय करणार, असे त्याने मनाला पटवतही आणले होते. परंतु दि. २९ मार्च रोजी कु. लोपीस अर्जदाराच्या घरी आल्या. सोबत त्यांची आई होती, वसईहून आलेली. आई दारातच उभी राहिली, आत आली नाही. अर्जदाराला वाटले, आता मुलगी जाब विचारणार. तो तयार होता. खरे म्हणजे वाट पाहत होता. मुलगी खाली मान घालून बसली आणि म्हणाली, "काका, एक विचारायचं होतं. मी खरंच हॉर्न दिला नव्हता का?"

अर्जदार पाणी आणायला उठला.

ती म्हणाली, "मला आधी वाटायचं की दिला होता. पण तुम्ही तर तिथेच होतात ना. तुम्ही कशाला खोटं सांगाल, तुमचा तर मित्र. रोज आठवून बघते. आता आठवतं ते हॉर्न न देताच आठवतं. म्हणून मी ठरवलंय, सुनावणीत कबूल करून टाकायचं. म्हणजे निदान तुम्हाला तरी बरं वाटेल."

अर्जदाराने तिला पाणी दिले. आई दारातून म्हणाली, "ती रात्रीची झोपत नाही हो. मी तिला घरी न्यायला आलेय." मुलगी जाताना अर्जदाराच्या पाया पडली. महोदया, लोकांनी खोटे खरे मानावे यासाठी अर्जदाराने आयुष्यभर खटपट केली. कोणी मानले नाही, विश्वनाथने तर कधीच नाही. एका मुलीने मानले, आणि स्वतःच्या कानांनी ऐकलेला, स्वतःच्या हाताने वाजवलेला हॉर्न तिने डोक्यातून पुसून टाकला. ती दाराबाहेर गेली तरी अर्जदाराने तिला खरे सांगितले नाही. हा दुसरा गुन्हा. पहिल्यापेक्षा मोठा, कारण यावेळी समोर चाळीस माणसे नव्हती.

१३. हा अर्ज लिहिण्यापूर्वी अर्जदार श्रीमती प्रभा येवलेकर, कै. विश्वनाथ यांच्या पत्नी, यांना भेटला. तो रोज सकाळी त्यांचे दूध नेऊन देतो. अपघातानंतर सुरू केलेले काम आहे. काल दूध ओट्यावर ठेवून त्याने सगळे सांगितले. त्या मेथी निवडत होत्या. निवडत राहिल्या. सगळे ऐकून झाल्यावर त्यांनी विचारले, "कुठली गोष्ट चालू होती?"

अर्जदाराने सांगितले, धुक्याची.

"मग काय म्हणाला स्टेशनमास्तर?"

अर्जदाराने ते सांगण्यास नकार दिला. त्या म्हणाल्या, "भावजी, सांगा. ते ऐकायला ह्यांनी जीव दिलाय. मला कळू दे." तेव्हा सांगावे लागले. स्टेशनमास्तर म्हणाला, सायकल खुशाल घेऊन जा, पण धुके इथेच ठेवा, गाड्या उशिरा येण्याला आम्हाला काहीतरी कारण लागते.

प्रभावहिनींनी मेथीच्या काड्या एका बाजूला केल्या. म्हणाल्या, "ह्यांना आवडलं असतं." मग म्हणाल्या, "त्या पोरीचं नीट करा. आणि उद्यापासून दूध मी आणीन. तुम्ही येऊ नका." अर्जदार "बरं" म्हणून निघून आला.

१४. तरी वरील सर्व विचारात घेऊन अर्जदाराची नम्र प्रार्थना पुढीलप्रमाणे आहे:

(अ) संदर्भ क्र. १ चा जबाब खोटा ठरवावा आणि तो जोडलेल्या प्रत्येक कागदावर तसा शेरा मारावा. खोट्या जबाबाबद्दल जी कारवाई होत असेल ती अर्जदारावर व्हावी. ज्या वकिलांना विचारले त्यांनी याबाबत इशारा दिला आहे. तो समजलेला आहे.

(आ) कु. लोपीस यांचा परवाना त्यांना परत द्यावा, आणि त्यांनी सुनावणीत कबुली दिल्यास ती मानू नये, कारण ती त्यांची नसून अर्जदाराची आहे.

(इ) समितीने सायकली बंद करू नयेत आणि मोटारीही बंद करू नयेत. डांबराच्या दोन्ही कडांना मुरूम भरून कच्चा भाग समतल करावा, म्हणजे उतरणाऱ्याचे हँडल वळणार नाही. सायकलवाल्यांनी एकामागे एक चालावे, आपल्या मित्राला काही सांगायचे असले तरी. मोटारवाल्यांनी एक हॉर्न देऊन थांबावे आणि सायकलवाला कच्च्यात पूर्ण उतरल्याशिवाय पुढे काढू नये. मान हलवली तरी नाही. मान हलवणाऱ्याच्या मनात काय असते ते सांगता येत नाही.

(ई) मोटारवाल्याचा परवाना रद्द होतो, तसा सायकलवाल्याचाही व्हावा. आपल्या खिडकीवरील लिपिक म्हणतात, सायकलला परवाना नसतो, म्हणून तो रद्द करता येत नाही. ही अडचण अर्जदारास मान्य नाही. गरज पडल्यास प्रथम अर्जदाराच्या नावे एक परवाना काढावा आणि मग तो रद्द करावा. अर्जदार दोन्ही वेळी हजर राहील.

१५. शेवटची विनंती सुनावणीपुरती आहे. त्या दिवशी गाव येईल, सोसायट्यांचे लोक येतील, हवालदार येईल. चाळीसांहून जास्त माणसे असतील, आणि एवढ्या माणसांपुढे हिंदीत तोंड उघडले की त्यातून काय निघेल याची हमी अर्जदार देऊ शकत नाही. म्हणून तो फक्त मराठीत बोलेल. ते हिंदीत सांगायला माणूस लागेल. ते काम कृपया आपण स्वतः करू नये, कचेरीतल्या कोणाला देऊ नये, कु. मृणाल लोपीस यांना द्यावे. त्यांच्या आईला जवळ खुर्ची द्यावी. अर्जदार एकेक वाक्य बोलेल आणि थांबेल, आणि ती ते सगळ्यांना सांगेल. 'हॉर्न दिला होता, दोनदा दिला होता, मी ऐकला होता' हे वाक्य येईल तेव्हा ती अडखळेल. घाई करू नये. तिला लागेल तेवढा वेळ द्यावा, पण ते तिच्याच तोंडून निघू द्यावे. अर्जदार शेजारी गप्प उभा राहील. ती जे सांगेल तेच अर्जदाराचे म्हणणे म्हणून लिहून घ्यावे, आणि तिने त्यात काही कमीजास्त केले तरी अर्जदाराची तक्रार नाही.

सुनावणीस वेळेआधी हजर राहणारा,
आपला नम्र,

(सही)
मुरलीधर वामन खांबेटे

फरीदाबाद, दि. ७ एप्रिल २०२५

सोबत: १) जबाबाची प्रत. २) सुनावणीच्या नोटिशीची प्रत.